चे गेव्हारा टी-शर्टवर कसा पोचला?

५ मार्च १९६०, हवाना. आदल्या दिवशी बंदरात झालेल्या जहाजस्फोटातल्या मृतांसाठी शोकसभा भरली होती. क्यूबाच्या क्रांतीचा नेता चे गेव्हारा व्यासपीठावर क्षणभर पुढे आला आणि छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दाने दोनदा क्लिक केलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र हा फोटो आलाच नाही!

मूळ फोटोत एका कडेला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे, दुसरीकडे झाडाच्या झावळ्या. दोन्ही कडा छाटल्या आणि उरला फक्त चे: विस्कटलेले केस, टोपीवर तारा, दूर लागलेली नजर. १९६७ मध्ये इटालियन प्रकाशक फेल्त्रिनेल्लीने कोर्दाकडून प्रती नेल्या, त्याच वर्षी बोलिव्हियात चे मारला गेला आणि या फोटोचं पोस्टर युरोपभर पसरलं. १९६८ मध्ये आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकने त्यावरून लाल-काळं चित्र केलं आणि ते कुणीही छापावं म्हणून मोकळं सोडलं.

कंपन्यांना आणखी काय हवं? चित्रात ना स्थळ, ना काळ, ना विचारसरणी. नुसता बंडखोर रुबाब. मग कप, घड्याळं, टी-शर्ट, सगळ्यांवर चे. स्मिर्नॉफ व्होडकाच्या जाहिरातीत तो दिसल्यावर कोर्दा २००० साली कोर्टात गेला. चेचे विचार पसरवायला त्याची ना नव्हती, दारू खपवायला होती. तडजोडीत मिळालेले सुमारे ५० हजार डॉलर त्याने क्यूबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकले.

२०१२ मध्ये तर मर्सिडीजने टोपीवरच्या ताऱ्याजागी स्वतःचं चिन्ह लावलं! क्यूबातून परागंदा झालेले लोक भडकले, तेव्हा कंपनीने माफी मागितली. भांडवलशाहीच्या शत्रूलाच सेल्समन करायचं, याला म्हणतात मार्केटिंग!