विश्लेषण : मधमाशी फिरकली नाही, तर कांद्याचे बी का भरत नाही?

फुलोऱ्यातील एक चुकीची फवारणी वर्षभराच्या बियाण्यावर पाणी फिरवू शकते. मधमाश्या कमी का होत आहेत आणि त्या टिकवण्यासाठी काय करता येईल, याविषयी…

कांदा बीजोत्पादनाच्या शेतात थंडी सरता सरता पांढरे गोंडे फुलू लागतात. गोंडे भरगच्च दिसले, तरी बी भरेलच याची खात्री नसते. शेतावर मधमाश्या किती येतात, यावर बरेच काही अवलंबून असते. म्हणूनच बुलढाणा, जालना, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील बीजोत्पादकांसाठी मधमाश्यांची घट हा थेट उत्पन्नाचा प्रश्न आहे.

कांद्याला मधमाशी का लागते?

एका गोंड्यात शेकडो लहान फुले असतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, पण परागकण आधी बाहेर पडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे दुसऱ्या फुलावरचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याने हे काम फारसे होत नाही. माश्या आल्या नाहीत, तर बोंडे पोकळ राहतात. काही ठिकाणी मजूर लावून गोंड्यांवरून हात किंवा मऊ कापड फिरवले जाते. त्यात मजुरी जाते आणि माशीइतके नेमके काम होत नाही.

मग भाड्याने पेट्या आणल्या की झाले?

पेट्यांचा उपयोग होतो, पण पेटीत पाळता येतात त्या प्रामुख्याने सातेरी आणि युरोपीय मेलिफेरा या माश्या. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत राहत नाहीत. त्यांचे काम हवे असेल, तर झाडावरचे मोहोळ टिकले पाहिजे. शिवाय कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने तो माश्यांना फारसा आवडत नाही. जवळ मोहरी किंवा सूर्यफूल फुललेले असेल, तर त्या तिकडे वळतात. म्हणजे परिसरात माश्या कमी झाल्या, की पहिला फटका कांद्याला बसतो.

माश्या कमी का होत आहेत?

कारण एकच नाही. कांद्यावरील फुलकिड्यांसाठी फवारलेले कीटकनाशक फुलोऱ्यात माश्यांनाही मारते. निओनिकोटिनॉइड गटातील औषधांमुळे माशी लगेच मेली नाही, तरी तिला पोळ्याची वाट सापडणे अवघड होते. युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये या गटातील तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.

दुसरे कारण उपासमारीचे. कांदा काही आठवडेच फुलतो, माश्यांची वसाहत मात्र वर्षभर जगवावी लागते. पूर्वी बांधावरची बोर, बाभूळ, करंज, जांभूळ ही झाडे आणि रानफुले तिला पोसत. बांध कोरले गेले, झाडे तुटली, उरलेल्या फुलांवर तणनाशक पडले. त्यात मधासाठी पोळे जाळून किंवा पूर्ण कापून नेले जाते, तेव्हा अंडी-अळ्यांसह पुढची पिढीच संपते. रोगाचा धोका वेगळाच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या होत्या.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

* शक्यतो फुलोऱ्यापूर्वीच कीड आटोक्यात आणावी. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली, तर माश्या पोळ्यात परतल्यावर, सायंकाळी करावी.
* शेजारच्या शेतात पेट्या असतील, तर फवारणीची कल्पना आदल्या दिवशी द्यावी.
* कांद्याच्या आधी आणि नंतर फुलणारी पिके व झाडे बांधावर ठेवावीत. ऐन फुलोऱ्यात त्यांची स्पर्धा नको.
* मध काढताना फक्त मधाचा भाग कापावा, अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवावा.
* उन्हाळ्यात उथळ भांड्यात दगड ठेवून पाणी भरावे. माश्या बुडत नाहीत.

याचे उदाहरण कुठे आहे?

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथे मधपाळ कुटुंबांची उपजीविका भोवतालच्या जंगलातील फुलोऱ्यावर चालते. साहजिकच जंगल राखण्यात गावाचाच फायदा आहे. सपाटीवरच्या गावांकडे जंगल नाही, पण बांध आहेत. एका शेतकऱ्याने बांध राखला आणि शेजाऱ्याने भर फुलोऱ्यात फवारणी केली, तर उपयोग शून्य. माशी सातबारा पाहून उडत नाही, त्यामुळे फवारणीची वेळ साऱ्या शिवाराने मिळूनच ठरवावी लागेल.