घरातील तंटा आणि वकिलाची लेखणी

शेताच्या बांधाचा तंटा आणि नवराबायकोचा तंटा हे दोन्ही एकाच न्यायालयाच्या इमारतीत चालतात, आणि कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी दोहोंचा वकीलही पुष्कळदा एकच असतो. त्यामुळे दोन्ही तंटे एकाच जातीचे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु बांधाचा निकाल लागला म्हणजे वादी आणि प्रतिवादी आपापल्या वाटेने जाऊ शकतात. संसाराच्या तंट्यात निकालानंतरही मूल दोघांचेच राहते. त्याची शाळा, त्याचे आजारपण, पुढे त्याचे लग्न, या सर्वांसाठी त्या दोघांना पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर यावे लागते. म्हणून अशा दाव्यात वकिलाला कायदा किती कळतो याइतकेच, समोरच्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे त्याला किती कळते, यालाही महत्त्व येते.

या कळण्याला अलीकडे 'भावनिक बुद्धिमत्ता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली तिची शास्त्रीय मांडणी केली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ते नाव सर्वतोमुखी झाले. नाव नवे, वस्तू जुनी. आपल्या व दुसऱ्याच्या मनातील भावना ओळखणे, ती कशातून उपजली हे समजून घेणे आणि त्या समजुतीने वागणे, एवढाच तिचा अर्थ. हळवेपणाशी तिचा संबंध नाही. अशिलाबरोबर रडत बसणारा वकील अशिलाच्या काडीच्याही उपयोगाचा नाही.

कायद्याने ही गोष्ट पूर्वीच ओळखलेली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमाने, शक्य असेल तेथे समेटाचा यत्न करण्याचे कर्तव्य न्यायाधीशावर टाकले. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत 'आदेश ३२-अ' आला. त्यान्वये कुटुंबविषयक दाव्यात न्यायाधीशाला कुटुंबकल्याणाचे काम करणाऱ्या व्यक्तीचे, शक्यतो स्त्रीचे, साहाय्य घेता येते. १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा तर आणखी पुढे गेला; तेथे पक्षकाराला हक्क म्हणून वकील देताच येत नाही. आम्हांस या कलमात एक बोलका अविश्वास दिसतो. वकील आला की भांडण विझण्याऐवजी भडकेल, ही ती धास्ती. ती अगदीच निराधार आहे असे कोण म्हणेल?

पुण्यामुंबईस १९८९ पासून कुटुंब न्यायालये आहेत आणि तेथे विवाह समुपदेशक बसतात. आपल्याकडे पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. नेरळहून, कशेळ्याहून किंवा खोपोलीहून सकाळच्या गाडीने आलेल्या बाईची पहिली गाठ पडते ती वकिलाशीच. तिचे गाऱ्हाणे प्रथम ऐकणारा परका माणूस तोच.

हे ऐकणे कसे असावे, याचे एक उदाहरण कल्पून पाहू. बाईने माहेरच्या वस्तूंची यादी आणली आहे: पाटल्या, कपाट, फ्रीज आणि पितळेची एक समई. पाटल्यांविषयी ती एकदा बोलते, समईविषयी चारदा. घाईतला वकील समईची किंमत मनात मांडतो आणि म्हणतो, "ताई, समईचं सोडा हो, मोठ्या वस्तूंचं बोला." झाले! ताई गप्प होतात आणि वकिलाला वाटते, मुद्द्यावर आलो. दुसरा वकील लेखणी खाली ठेवून विचारतो, "समई कोणी दिली होती?" मग कळते की ती वारलेल्या आईने दिलेली, आणि सासरी ती माळ्यावर टाकून दिलेली. तिचा दावा पैशाचा आहेच, पण तिचे दुःख अवहेलनेचे आहे. हे कळलेला वकील पहिल्या नोटिशीत काय मागेल? समई परत पाठवा, असे साधे, सौम्य मागणे. ती आली तर पुढची बोलणी सोपी होतात. न आली तरी काही बिघडत नाही.

संतापलेला माणूस तारखांच्या क्रमाने बोलत नाही. म्हणून पहिली काही मिनिटे काहीच लिहू नये, मग ऐकलेले आपल्या शब्दांत अशिलाला परत सांगून "असंच ना?" असे विचारावे आणि त्यानंतरच सनावळीकडे वळावे, अशी रीत आम्हांस बरी वाटते. यात वेळ जातो खरा. पण अर्धवट ऐकून लिहिलेला अर्ज दुरुस्त करण्यात त्याहून जास्त तारखा जातात.

आता लेखणीकडे वळू. नवऱ्याने रागाच्या भरात बायकोच्या चारित्र्याविषयी वाटेल ते बोलावे आणि वकिलाने ते सफाईदार भाषेत कैफियतीत उतरवावे, हे आपल्याकडे विरळा नाही. एका मराठी दांपत्याचे असेच प्रकरण २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पतीने कैफियतीत पत्नीच्या शीलाविषयी आरोप केले होते. पुढे दुरुस्तीचा अर्ज देऊन ते काढूनही टाकले. न्यायालयाने म्हटले, असले आरोप करणे हीच क्रूरता होय आणि ते मागाहून वगळल्याने झालेली इजा पुसली जात नाही. पत्नीचा घटस्फोट कायम झाला. त्याआधी १९९४ च्या एका निकालात पती स्वतःच वकील होता. त्याला आणि त्याच्या घरच्यांना वेडे ठरवू पाहणारी पत्नीची कैफियत आणि उलटतपासणीतील तसले प्रश्न हीच न्यायालयाने क्रूरता मानली. उलटतपासणीतील प्रश्न विचारतो कोण? वकीलच. म्हणजे आपल्याच वकिलाने विचारलेला प्रश्न आपल्याच विरुद्ध पुरावा होऊन बसतो! अशिलाचा राग हा वकिलाला मिळालेला कच्चा माल आहे. तो जसाच्या तसा न्यायालयात नेऊन ओतणे हे धंद्याच्या दृष्टीनेही अडाणीपणाचे आहे. मसुदा एक रात्र तसाच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी अशिलाला मोठ्याने वाचून दाखवावा. "एवढं नको, वकीलसाहेब" असे तोच म्हणण्याचा संभव पुष्कळ.

गांधीजी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेट हे दादा अब्दुल्लांचे नातलगच. गांधीजींनी दोघांना लवादाला राजी केले, निकाल आपल्या अशिलाच्या बाजूने लागला, आणि मग त्यांनी अशिलालाच समजावून रक्कम हप्त्याहप्त्याने घ्यायला लावली, कारण एकदम वसुली केली असती तर तय्यब शेट बुडाले असते. आपल्या माथेरानचे हुतात्मा भाई कोटवाल हेही वकिलीची परीक्षा झालेले. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडताना त्यांनीही कर्जाच्या कागदामागची भूक पाहिली होती. पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. मन ओळखणे म्हणजे प्रत्येक भांडण मिटवणे नव्हे. घरात मारहाण होत असेल तेथे "जरा सांभाळून घ्या, ताई" म्हणणारा वकील मन ओळखत नाही, भीतीला हातभार लावतो. मार खाणारी बाई बहुधा मोजके बोलते, आणि बरोबर आलेला भाऊ किंवा सासरा तिच्या वतीने उत्तरे देतो. त्याला चहा प्यायला बाहेर पाठवावे आणि तिच्याशी एकटीशी बोलावे. शक्य तर एखादी वकील भगिनी जवळ असावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये अर्ज केल्यावर पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांच्या आत ठेवावी लागते आणि त्याच घरात राहण्याचा तिचा हक्कही मागता येतो. अशा वेळी मसुदा रात्रभर ठेवायचा नाही, त्याच दिवशी द्यायचा.