सरकत्या खोलीचे तेल

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तिथल्या हमरस्त्यांवर धावणारी घरे पाहिली असतील. स्वयंपाकघर, न्हाणी, निजायची जागा असा सारा संसार चाकांवर घेऊन निघालेल्या ह्या गाड्यांना तिकडे आर. व्ही. म्हणतात. निवृत्त झालेली कित्येक जोडपी राहते घर विकून वर्षाचे बाराही महिने अशा गाडीतच काढतात. आज ज्या तेलाविषयी आपण विचार करणार आहोत, ते त्यांच्या दृष्टीने हौसेचा विषय नव्हे. ते बिघडले की घर मुक्कामावरून हलत नाही.

तिकडे बहुतेक राज्यांत गाडीची रुंदी १०२ इंचांच्या, म्हणजे साडेआठ फुटांच्या वर जाऊ देत नाहीत. तेवढ्यात भिंती, कपाटे आणि पलंग बसवल्यावर माणसाने वळायचे कुठे? ह्यावर तोड निघाली ती अशी की, मुक्कामाला पोचल्यावर भिंतीचा एक भाग आतल्या कोचा-टेबलासकट, मेजाचा खण ओढावा तसा बाहेर सरकवायचा. इंडियाना राज्यातील नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने १९९० साली मोटारघराला अशी खोली दिली आणि पुढे ती इतरांनीही उचलली. हलक्या खोल्या नुसत्या विजेच्या मोटरीवर सरकतात. मोठ्या, जड खोल्यांना पुष्कळदा तेलाचा दाब लागतो.

ह्यातले शास्त्र आपल्याला अपरिचित नाही. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा पास्कालचा नियम शाळेत आपण घोकलेला आहे. ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ साली त्यावरच आपल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ट्रॅक्टरचा नांगर उचलणारी आणि डंपरची पेटी उलटी करणारी शक्तीही हीच. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोंचा दाब असेल आणि दट्ट्याचे तोंड १० चौरस सेंटिमीटरांचे असेल, तर हजार किलोंचा रेटा मिळतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक लहानसा पंप आणि टाकीतले थोडेसे तेल एवढ्यावर हे काम होते.

पण तेल म्हणजे नुसता निरोप्या नव्हे. पंपाची चाके झिजू न देणे, पोलादाला गंज चढू न देणे, रबरी सील मऊ ठेवणे, हीही त्याचीच कामे. शिवाय ते थंडीत वाहते राहिले पाहिजे. आपल्याकडे थंडीत खोबरेलाची बाटली थिजते, तेव्हा आपण ती उन्हात ठेवतो. मिनेसोटातल्या जानेवारीत गाडीची टाकी कोणत्या उन्हात ठेवणार? तेल दाट झाले की पंप कण्हतो आणि खोली रांगत सरकते. ह्या दाटपणाला शास्त्रात विष्यंदिता म्हणतात. तापमान बदलले तरी ती फारशी बदलू नये, हा निवडीतला मोठा मुद्दा आहे.

आता गंमत पाहा. ह्या कामासाठी अनेक उत्पादक जे तेल सांगतात, ते मुळात दुसऱ्याच कामासाठी जन्मलेले आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींच्या गिअरपेटीत घालायचे तांबडे तेल ते हेच. त्या पेटीतल्या क्लचच्या चकत्यांनी नेमके किती घसरावे आणि किती धरावे, ह्यासाठी त्यात खास द्रव्ये मिसळलेली असतात. एके काळी त्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरीत. १९७०च्या सुमारास अमेरिकेने ह्या देवमाशाला संरक्षण दिले तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. सरकत्या खोलीत क्लच नाहीच, म्हणजे तेलाचा हा गुण तिथे फुकट जातो. तरीही ते निवडले जाते, कारण ते थंडीत वाहते, फेसाला आवर घालते, सीलला मानवते आणि आडगावच्या दुकानातही मिळते. हे शेवटचे कारण प्रवाशाच्या दृष्टीने लहान नाही.

जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत त्याचे नाव पुष्कळदा 'डेक्सरॉन तीन' असे दिलेले असते. हे नाव जनरल मोटर्सचे. त्या कंपनीने २००५ साली 'डेक्सरॉन सहा' हे नवे तेल आणले आणि २००६च्या अखेरीस तिसऱ्याचे परवाने संपवले. तेव्हापासून दुकानात 'तीनसारखे' म्हणून जे मिळते, त्यामागे मूळ कंपनीची तपासणी नाही. ते सगळे वाईट असते असे नाही. परंतु डब्यावरच्या नावाने निश्चिंत होऊ नये. गाडीच्या नव्हे, तर पंपाच्या उत्पादकाला आजची शिफारस विचारावी, हे माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे. काही उत्पादक ह्या तांबड्या तेलाऐवजी निराळे हायड्रॉलिक तेलच वापरतात. टाकीत आधी जे आहे त्याच्याशी नव्याचे जमते की नाही, हे ओतण्यापूर्वी कळले पाहिजे. आणि ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये. नेहमीचे ब्रेकतेल खनिज तेलाच्या जातीचे नाही; ते ह्या यंत्रणेतले रबर फुगवते, आणि मग एक सील नव्हे, सारीच बदलावी लागतात.

टाकीतली पातळी पाहायची ती सर्व खोल्या आणि गाडी समतल करणारे पाय आत घेतल्यावर. खोल्या बाहेर असताना बरेचसे तेल सिलिंडरांत गेलेले असते आणि टाकी रिकामी वाटते. ती तेव्हा काठोकाठ भरली, तर खोल्या आत येताना तेवढे तेल परततेच आणि झाकणावाटे जमिनीवर येते.

रंगावरूनही पुष्कळ कळते. चांगले तेल कोकमाच्या सरबतासारखे तांबडे नि पारदर्शक असते. त्यात पाणी शिरले की त्याची सोलकढी होते. असे झाले तर वरून नवे तेल घालून भागत नाही. सगळे काढून, पाणी कुठून आले ते शोधून, मगच नवे भरावे. नुसता फेस दिसला तर हवा शिरली असे समजावे. गळती नसल्याची खात्री करून आणि पातळी ठीक करून खोली पूर्ण बाहेर, पूर्ण आत अशी काही वेळा फिरवली की हवा बहुधा टाकीवाटे निघून जाते. काळपटपणा आणि जळका वास आला तर तेल तापून गेले आहे. एरवी, कित्येक उत्पादक ठरावीक मुदतीने तेल बदलायला सांगत नाहीत. ते स्वच्छ ठेवायला सांगतात. आपल्या डोळ्याला सुमारे ४० मायक्रॉनांहून बारीक कण दिसत नाही, आणि पंपातल्या व झडपांतल्या फटी त्याहून कितीतरी अरुंद असतात. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी. धागे सुटणारे फडके आणि उघडे ठेवलेले नरसाळे दोन्ही टाळावी.

एक इशारा मात्र ठासून द्यायला हवा. नळी कुठे ठिबकते ते बोटाने चाचपू नये. सुईएवढ्या भोकातून दाबाने उडालेले तेल कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस घरी बसतो. आणि आत मांस सडू लागते. अशा वेळी तासाचाही विलंब न लावता शल्यवैद्याकडे जावे आणि काय घडले ते स्पष्ट सांगावे, नाहीतर बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. गळती शोधायची तर दाब उतरवून डाग पाहावेत, किंवा दूर धरलेला पुठ्ठा फिरवावा.

आणि खोली मध्येच थांबली, तर तेलाला दोष देण्यापूर्वी बॅटरी तपासावी. ती मंदावली की पंप तसाच कुरकुरतो. काही पंपांच्या मोटरीला भोके पाडण्याचे हातयंत्र लावून ती फिरवता येते आणि खोली आत घेता येते. आपल्या पंपाला ही सोय आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.