पायाखालचे पाच मिलिमीटर

‘तुमचा एक पाय पाच मिलिमीटर आखूड आहे, म्हणून कंबर दुखते. बुटात इनसोल घाला.’ असा सल्ला अनेकांना मिळतो आणि तो पटतोही. टेबल डुगडुगायला लागलं की आपण पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतोच की! पण या सल्ल्यात तीन वेगवेगळे दावे आहेत: फरक आहे, दुखणं त्या फरकामुळे आहे आणि इनसोलने ते कमी होईल. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना असे दावे सुटे करता आले पाहिजेत. म्हणून आज हेच उदाहरण घेऊ.

फरक कुठला?

मांडीचं किंवा नडगीचं हाडच आखूड असेल तर तो रचनेतला फरक. लहानपणचं फ्रॅक्चर, पोलिओ, खुब्याचं ऑपरेशन अशी त्याची कारणं असतात. कधी हाडं सारखीच असतात, पण स्नायू आखडल्यामुळे कंबर एका बाजूला कलते किंवा एकच तळवा सपाट असतो. मग पाय आखूड ‘भासतो’. हा कार्यात्मक फरक. इथे इनसोलने उंची भरून निघेल, पण मूळ कारण तसंच राहील. त्यामुळे तुमच्या अभ्यासात कोणाला घ्यायचं, हे आधी या व्याख्येवर ठरतं.

मोजलं कसं?

सगळ्यात सोपी पद्धत टेपची. कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत अंतर मोजायचं. पण ते टोक नेमकं कुठे, हे बोटाने चाचपूनच ठरतं. दोघांनी मोजलं तर काही मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. शिवाय घोट्याखालची उंची यात येतच नाही. दुसरी पद्धत म्हणजे उभं करून आखूड पायाखाली ठरावीक जाडीच्या फळ्या ठेवायच्या आणि कंबर समपातळीत कधी येते ते बघायचं. उभ्याने काढलेला दोन्ही पायांचा पूर्ण एक्स-रे जास्त भरवशाचा, पण त्यात खर्च आणि किरणोत्सर्ग आला.

आता विचार करा: तुमच्या मोजमापातली चूकच पाच मिलिमीटरच्या आसपास असेल, तर पाच मिलिमीटरचा फरक ‘सापडला’ असं म्हणता येईल का?

दुखणं त्यामुळेच का?

गॅरी नट्सन यांनी २००५ मध्ये एक्स-रेवर आधारलेले जुने अभ्यास एकत्र केले. सुमारे ९० टक्के लोकांच्या पायांत थोडाफार फरक होता आणि सरासरी फरक ५.२ मिमी. म्हणजे पाच मिलिमीटर ही अगदी सर्वसाधारण गोष्ट झाली. बहुतेकांच्या बाबतीत साधारण २० मिमीपर्यंतच्या फरकाला वैद्यकीयदृष्ट्या फारसं महत्त्व नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याउलट फिनलंडच्या ओरा फ्रिबर्ग यांच्या १९८३ च्या अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्या सुमारे ७५ टक्के लोकांत ५ मिमी किंवा जास्त फरक होता. आकडा मोठा वाटतो ना? पण ज्यांना काहीच दुखत नव्हतं, त्यांच्यातही तो सुमारे ४४ टक्के होता! हा दुसरा आकडा नसता तर पहिल्याचा अर्थच लागला नसता. तुलनेचा गट लागतो तो यासाठी. आणि दोन गटांत तफावत दिसली म्हणजे कारण सापडलं, असंही होत नाही.

इनसोलने फरक पडतो का?

इस्रायलमधल्या रूथ डेफ्रिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जुनाट कंबरदुखी आणि १० मिमीपर्यंतचा फरक असलेले ३३ रुग्ण घेतले. पायांची लांबी अल्ट्रासाउंडने मोजली. २२ जणांना इनसोल दिलं, ११ जणांना नाही. इनसोल मिळालेल्यांचं दुखणं कमी झालं. निकाल आशादायक आहे. पण गट लहान आहे आणि आपल्याला काही मिळालं की नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुखणं रुग्णाच्या सांगण्यावरून मोजायचं असेल, तर या माहितीचाही परिणाम होतो. असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या आढाव्यातही उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमीच ठरला.

म्हणून इनसोल निरुपयोगी, असं मात्र समजू नका. मोठा, रचनेतला फरक असेल तर उंची भरून काढणं हा साधा आणि शस्त्रक्रिया टाळणारा उपाय आहे. बुटाच्या आत साधारण एक सेंटिमीटरपर्यंतच जाडी मावते. त्याहून जास्त हवी असेल तर बाहेरून तळ वाढवावा लागतो. एकदम पूर्ण उंची न देता ती टप्प्याटप्प्याने वाढवतात, म्हणजे शरीराला सवय होते. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचं. दुकानातून आणून स्वतःवर प्रयोग नको.

आता तुमचं काम

हाच अभ्यास आपल्याकडे करायचा म्हटलं तर? इनसोलचा उपयोग पाय बुटात असेपर्यंतच. आपण घरात अनवाणी वावरतो, बाहेर पुष्कळदा चप्पल घालतो. मग रुग्णाला खरा ‘डोस’ दिवसाला किती तास मिळाला, हे नोंदवणार कसं? तुलनेच्या गटाला उंची न वाढवणारं, पण तसंच दिसणारं इनसोल देता येईल का? आणि किती मिलिमीटरपासून पुढचे रुग्ण घ्याल?

या तीन प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून बघा. तिसऱ्याचं उत्तर लिहिताना तुमच्या मोजमापाची चूक किती, हे आधी लिहायला विसरू नका.