पाणी मुरते कुठे?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण संशयाने म्हणतो. जुन्या मोटारीच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो. रेडिएटर सकाळी काठोकाठ भरावा, तीस-चाळीस मैलांची रपेट करून यावी, आणि दुसऱ्या दिवशी झाकण काढून पाहावे तो पाणी चार बोटे खाली! जमिनीवर थारोळे नाही, नळी फुटलेली नाही, मागून पांढरा धूरही नाही. मग पाणी गेले कुठे? या प्रश्नाचा माग कसा काढला गेला, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

गाडी होती एम.जी.बी. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ही ठेंगणी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. आपल्या वाचकांना ती परकी वाटण्याचे कारण नाही. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन बी.एम.सी. कंपनीच्या ‘बी’ मालिकेतले. आणि आपल्याकडची अँबॅसडर वर्षानुवर्षे ज्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनावर धावली, ते याच घराण्यातले थोरले भावंड. इंदुरात अँबॅसडरच्या बॉनेटखाली ज्याने एकदा नीट डोकावून पाहिले आहे, त्याला एम.जी.बी.चे इंजिन पाहताच ओळख पटते.

आमचा एक जुना विद्यार्थी कॉव्हेन्ट्रीस स्थायिक झाला आहे. १९७१ सालची ही गाडी त्याने हौसेने घेतली, आणि हौसेचे मोल त्याला पाण्याच्या रूपाने मोजावे लागू लागले. तेथील एका गॅरेजने तेल भरण्याचे झाकण उघडून आतली पिवळट, लोण्यासारखी साय दाखवली आणि निदान केले : हेड गॅसकेट गेले, हेडलाही तडा असणार, सगळे उतरवावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून गाडी विकून टाकण्याचा त्याचा विचार पक्का होत आला होता. आम्ही त्याच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा म्हणालो, “विकायची तर विक, पण आधी रोग कोणता ते तरी कळू दे.” तो हसून म्हणाला, “सर, तुम्ही अजून पेपर तपासायचे सोडले नाहीत!”

गॅरेजवाल्याची शंका अगदीच निराधार नव्हती. पाणी तेलात शिरले की तेल दुधाळ होते, हे खरेच. परंतु इंग्लंडच्या थंडीत गाडी दोन-तीन मैलच चालवली, तर इंजिन पुरते तापत नाही. आतल्या वाफेचे थेंब झाकणाच्या थंड पत्र्यावर जमतात आणि तेथल्या तेलात मिसळून तशीच साय धरते. तेव्हा झाकणावर निवाडा न करता डिपस्टिक पाहावी. ती स्वच्छ होती. तेल तपकिरी, नितळ. चारही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले, तर चौघांचा रंग एकच. ज्या सिलिंडरात पाणी शिरते त्याचा प्लग बहुधा धुतल्यासारखा निघतो. शेवटी रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी धरून तिच्यातून तेथली हवा ओढून पाहिली. सिलिंडरातला जळका वायू पाण्यात येत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हे द्रावण पिवळे पडते. ते निळेच राहिले. हेड उतरवण्याचे प्रकरण येथे मिटले. पाणी आत नव्हे, बाहेर जात होते.

बाहेर जाते तर दिसत का नाही? याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. रेडिएटरचे झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे, ती दाबाची झडप असते. या गाडीच्या झाकणावर १० चा आकडा होता, म्हणजे दर चौरस इंचास १० पौंड. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. गाडी धावताना हा दाब बारीकशा फटीतून पाणी बाहेर ढकलतो. ते तापलेल्या लोखंडावर पडते आणि जमिनीवर पोचण्याआधीच त्याची वाफ होते. गाडी थांबून थंड झाली की दाब उतरतो आणि गळतीही थांबते. चोर पहाऱ्याची वेळ चुकवून येतो, तसा हा प्रकार. त्यातून पंख्याचा वारा थेंबांना मागे नेतो, म्हणून ओल जेथे दिसते तेथे छिद्र क्वचितच असते.

उपाय एकच : इंजिन थंड असताना दाब निर्माण करायचा. हातपंप आणि काटा असलेले एक साधन मिळते. ते झाकणाच्या जागी बसवायचे, आणि झाकणावरील आकड्याच्या पुढे न जाता दाब द्यायचा. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सांगावयास नकोच, तरी सांगतो. उसळणारी वाफ चेहरा भाजून काढते.) पहाटेच्या गारठ्यात आम्ही दाब दिला आणि काटा हळूहळू उतरू लागला. आता बॅटरी आणि दंतवैद्याकडे असतो तसला लहान आरसा घेऊन शोध सुरू झाला.

वॉटर पंपाखालचे लहान भोक कोरडे. आतले सील झिजले की पाणी प्रथम तेथून ठिबकते. इंजिनच्या कुशीला बसवलेल्या लोखंडी चकत्या, ज्या गंजून गळतात, त्याही कोरड्या. हीटरच्या जाळीखालचा गालिचा हाताने दाबून पाहिला, तोही कोरडा. रेडिएटरच्या खालच्या नळीची क्लिप मात्र ओली निघाली. थंडीत रबर आकसते आणि क्लिप सैल पडते. इंजिन तापले की जागा आपोआप बंद होते. क्लिप आवळली. तरीही काटा उतरतच होता.

मग आरसा हेडच्या मागच्या टोकाशी, उजव्या अंगाला नेला. तेथे हीटरकडे गरम पाणी सोडणारी झडप दोन नटांनी बसवलेली असते. तिच्या बुडाशी हिरवट-पांढरी खपली धरली होती, आणि तीतून एक थेंब फुगत होता. तो इंजिनच्या मागच्या कडेने ओघळून गिअरबॉक्सच्या जोडाशी, तेलाच्या जुन्या काळपट डागात नाहीसा होत होता. हीच ती मुरण्याची जागा!

झडप आणि तिच्याखालचे कागदासारखे पातळ गॅसकेट बदलण्यास तासभरही लागला नाही. जुन्या गॅसकेटचा कण न् कण खरवडून काढण्यातच बराचसा वेळ गेला. पुन्हा दाब दिला. पंधरा मिनिटे काटा जागचा हलला नाही.

भरतानाही घाई चालत नाही. हीटरचा खटका ‘गरम’वर ठेवून, म्हणजे झडप उघडी ठेवून, सावकाश ओतावे आणि वरची नळी हाताने दाबत राहावे, नाहीतर आत हवा कोंडते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेतले; कडाक्याच्या थंडीत नुसते पाणी गोठून फुगते आणि इंजिनचे लोखंड फोडते. काढलेले जुने द्रव मात्र गटारात सोडू नये. ते चवीला गोड आणि भयंकर विषारी असते. कुत्री-मांजरे चाटतात नि मरतात. आमच्या विद्यार्थ्याने ते झाकणाच्या डब्यात भरून, चिठ्ठी चिकटवून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवले. रबरी नळ्या सगळ्याच जुन्या आहेत. त्या तो उन्हाळ्यापूर्वी बदलणार आहे.