वाचता येत नाही, तर लग्न नाही
मी सोलापूरची, आता ताम्पेरेत राहते. शेजारची पंधरा वर्षांची मुलगी यंदा उन्हाळ्यात आठवडाभर तळ्याकाठी शिबिराला गेली. ही ‘रिप्पिकोउलु’, फिनलंडच्या लुथरन चर्चची दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीची, शाळा. बायबल, प्रार्थना, शिवाय सॉना, पोहणं, गाणी. एरवी चर्चकडे न फिरकणाऱ्या घरांतली मुलंही हौसेनं जातात.

मूळ मात्र भलतंच कडक. घराघरांत धर्म शिकवता यावा म्हणून मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. फिनिश धर्मसुधारक मिकाएल आग्रिकोला याचं पहिलं फिनिश पुस्तकही मुळाक्षरं आणि प्रश्नोत्तरी एकत्र असलेलं. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. १६८६ च्या चर्च-कायद्यानुसार तर प्रश्नोत्तरी येत नसेल तर प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षरसाचा विधी) नाही, आणि त्याविना लग्नही नाही! म्हणून पाद्री घरोघरी लोक जमवून वाचनाची आणि प्रश्नोत्तरीची परीक्षा घेत. आलेक्सिस किवीच्या ‘सात भाऊ’ कादंबरीतले भाऊ या शिकवणीतून खिडकीवाटे पळ काढतात. मला त्यांचं अगदी पटतं.

आजची अडचण वेगळी आहे: दृढीकरण झालं की बरीच मुलं चर्चकडे पाठ फिरवतात. टिकतात त्यांतली कितीतरी पुढे प्रशिक्षण घेऊन धाकट्यांच्या शिबिरात मदतनीस होतात. तिथे नुसतं पाठांतर पुरत नाही, समोरची पोरं आडवेतिडवे प्रश्न विचारतात. शेजारच्या मुलीनेही त्यासाठी नाव दिलंय.