आधी तिथी, मग सहल

शहापूर किंवा मुरबाडच्या शाळेची सहल ठरते तेव्हा आपण प्रथम काय पाहतो? सुटी कधी आहे, एसटीची गाडी कधी मिळते आणि डोक्यामागे वर्गणी किती पडते. माझेही असेच झाले होते. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातील मुलांना घेऊन मी खाडीवरचे पक्षी दाखवायला निघालो. रविवार होता, गाडी वेळेवर आली आणि आम्ही सकाळी दहाला काठावर पोहोचलो. समोर पाणी नव्हतेच. नजर जाईल तिथपर्यंत काळा चिखल, आणि त्याच्या पलीकडे, क्षितिजाशी, एक फिकट गुलाबी रेघ. तेच रोहित पक्षी! पाणी नसल्यामुळे होडीही निघेना. जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने विचारले, "मास्तर, तिथी बघून नाही निघालात?"

त्या दिवशी पंचमी होती. वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्या मला भिंतीवरचे कॅलेंडर पाहण्याचे सुचले नव्हते. पालकांनी भाताच्या पैशातून दिलेली वर्गणी मात्र खर्च होऊन गेली होती. तुमच्या बाबतीत असे होऊ नये, म्हणून हा लेख.

ठाण्याची खाडी आपल्यापासून फार दूर नाही. शहापूरहून भिवंडी-ठाणेमार्गे किंवा मुरबाडहून कल्याण-शिळफाटामार्गे ऐरोली सुमारे साठ किलोमीटर पडते. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला 'रामसर स्थळ' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नोव्हेंबरपासून मेपर्यंत येथे रोहितांचे थवे असतात. हिवाळ्यात कुरव, सुरय आणि चिखलात चरणारे लहानमोठे पाणपक्षीही येतात. शाळेच्या दृष्टीने जानेवारी-फेब्रुवारी हे महिने उत्तम.

महिना ठरला. आता दिवस कोणता आणि वेळ कोणती?

पक्ष्यांचे जेवणाचे ताट म्हणजे खाडीतला चिखल. लहान रोहित आपली वाकडी चोच उलटी धरून पाणी गाळतो व त्यातील सूक्ष्म शेवाळ खातो. छोटा टिलवा आखूड चोचीने वरवरचे किडे टिपतो, तर पाणटिवळा लांब चोच खोल खुपसून किडे काढतो. ओहोटीला हे ताट इतके पसरते की पक्षी दूरदूर पांगतात. पूर्ण भरतीला ते पाण्याखाली जाते आणि पक्षी विश्रांतीसाठी दुसरीकडे उडून जातात. मधल्या वेळी, पाणी चढत असताना, चिखलाचे पट्टे अरुंद होत जातात व पक्षी त्यांवर दाटीने गोळा होतात. होडी चालण्यापुरते पाणी आहे, पण चिखल अजून बुडालेला नाही, अशी ही वेळ आपल्याला गाठायची आहे. म्हणजे साधारणपणे भरतीपूर्वीचे दोन-तीन तास.

भरतीची वेळ कशी काढायची? भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सरासरी ५० मिनिटे जास्त लागतात. म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. दिवसातून दोन भरत्या होतात, त्यांत १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी.

आता गंमत पाहा. आपली तिथी ही चंद्राच्या स्थितीवरूनच ठरते. चांद्रमासात तिथ्या ३०. म्हणून २४ तासांना ३० ने भागले की एका तिथीला ४८ मिनिटे येतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. तेव्हा तिथीचा आकडा गुणिले ४८ मिनिटे, की झाली भरतीची वेळ! कोकणात हाच हिशेब 'तिथीची पाऊणपट' असा तोंडी करतात. तिथे ४८ ऐवजी ४५ मिनिटे धरलेली आहेत, एवढाच फरक.

माझी फसलेली सहल आता तपासून पाहू. पंचमी : ५ × ४८ = २४० मिनिटे, म्हणजे ४ वाजता. पहाटे चारला भरती, त्यात सव्वासहा तास मिळवा : सव्वादहाला पूर्ण ओहोटी! आम्ही नेमके तेव्हा पोहोचलो होतो.

याउलट द्वितीया घ्या. २ × ४८ = ९६ मिनिटे, म्हणजे दुपारी दीडच्या पुढे भरती. पहाटे साडेसहाला निघालात तर रहदारी धरूनही नऊ-साडेनऊला ऐरोलीला पोहोचाल आणि साडेदहा ते साडेअकरा ही उत्तम वेळ हाती लागेल. पौर्णिमा व अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस असे सोयीचे असतात. शिवाय ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. सकाळी तेथून पाहताना सूर्य आपल्या पाठीशी राहतो, त्यामुळे पंखांचे रंग स्पष्ट दिसतात. पश्चिम काठावरून त्याच वेळी पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील.

मात्र हा हिशेब अंदाजाचा आहे. सर्व तिथ्या सारख्या लांबीच्या नसतात, आणि भरतीचे पाणी खाडीच्या तोंडापासून आत शिरायला वेळ घेते. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा आणि ऐरोलीच्या केंद्रात होडीची वेळ विचारून घ्या.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सहलीच्या आधी महिनाभर वर्गात रोज भरतीची वेळ ४८ ने आणि पाऊणपटीने काढून घ्या व छापील वेळेशेजारी लिहा. पौर्णिमेवरून प्रतिपदेला जाताना पाऊणपटीचा हिशेब एकदम दीड तासाची उडी मारतो. ती का, हे मुलांनाच शोधू द्या.

आणि सहलीचा दिवस निवडण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवा. चढत्या पाण्याबरोबर गुलाबी थवा जवळ जवळ येताना दिसेल, तेव्हा ती वेळ आपण गणिताने गाठली आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.